अर्जावर तिची सही कुठून आणू? : शहराच्या उद्यान विभागास खुले पत्र

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
उद्याने व सार्वजनिक जागा विभाग

विषय : 'व्यावसायिक छायाचित्रण' परवान्याच्या नव्या नियमांबाबत

महोदय,

आपल्या शहरात रोज संध्याकाळी कुणी ना कुणी खिशात अंगठीची डबी घेऊन फिरत असतं. अशी माणसं मला लांबून ओळखू येतात. हात सारखा खिशाकडे जातो, बोलण्यात लक्ष नसतं आणि थंडी नसताना अंगात जाकीट असतं, कारण पॅन्टच्या खिशात डबी फुगून दिसते. त्यांतले काही जण आधी मला फोन करतात. मग मी वीस-पंचवीस मीटरवर, पक्ष्यांचे फोटो काढायला आलेली कुणी हौशी बाई असल्यासारखी उभी राहते आणि ते गुडघा टेकतात ती दहा सेकंदं टिपते. अकरा वर्षं मी हेच करते आहे. लग्न ठरलेल्या जोडप्यांचेही फोटो काढते, पण माझं घर चालतं ते या सरप्राइज प्रपोजलांवर.

दोन महिन्यांपूर्वी आपल्या विभागाचं परिपत्रक निघालं. पाण्यालगतचा पदपथ, जुना पूल, मनोऱ्यासमोरचा चौक आणि सगळ्या मोठ्या बागा, इथे 'व्यावसायिक कॅमेऱ्याने' फोटो काढायचे तर आता आधी परवाना लागतो. मी आपल्या कार्यालयात दोनदा येऊन गेले. दोन पत्रं दिली, त्यांची पोच घेतली. उत्तर आलं नाही. म्हणून हे तिसरं पत्र सगळ्यांच्या देखत लिहिते आहे.

काय घडलं ते आधी सांगते. एका मुलाने जुन्या पुलावरचा तिसरा दिव्याचा खांब निवडला होता. कधीतरी पावसात ते दोघं त्या खांबापाशी एका छत्रीत अडकले होते म्हणे. आदल्या दिवशी आम्ही दोघांनी रेकी केली, ऊन कुठून येतं ते पाहिलं, त्याने कोणत्या बाजूला तोंड करून बसायचं ते ठरवलं. खूण ठरली : टोपी काढली की पुढच्या क्षणी गुडघा. दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी टोपी निघाली, गुडघा टेकला, डबी उघडली. माझे चार फोटो निघाले. पाचव्या फोटोत ती त्याच्याकडे बघतच नाहीये. ती थेट माझ्याकडे बघते आहे, कारण माझ्यामागून आपला सुरक्षारक्षक शिट्टी फुंकत धावत आला होता.

पुलावरची सगळी माणसं वळली. गुडघ्यावर बसलेला माणूस मध्येच उठतो तेव्हा कसा दिसतो, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तिने त्याला विचारलं, "आपलं काही चुकलं का?" त्याला जे विचारायचं होतं ते अजून विचारून व्हायचं होतं. पुढे रात्री कधीतरी, फोटोबिटो काही नसताना, त्याने ते विचारलं आणि ती हो म्हणाली. तसा निरोप आला मला. मी आगाऊ घेतलेले पैसे परत पाठवले.

तो रक्षक वयाने मोठा होता, भला होता. मी सामान आवरेपर्यंत माझी बॅग धरून उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, मला वरून सांगितलंय. मोठी लेन्स दिसली की थांबवायचं." माझी त्याच्याबद्दल काडीची तक्रार नाही. ज्यांनी त्याला हे वाक्य पढवलं, त्यांना मी हे लिहिते आहे.

परवाना का काढला नाही, असं आपण विचाराल. काढायला गेले होते.

अर्ज चार पानांचा आहे. पहिल्या दोन पानांवर वाहनांची संख्या, जनरेटरची क्षमता, सेटचं क्षेत्रफळ, कलाकार किती आणि तंत्रज्ञ किती. माझ्याकडे खांद्यावरची एक बॅग असते : दोन कॅमेरे, दोन लेन्स, जादा बॅटऱ्या. मी सगळीकडे शून्य लिहीत गेले. तिसऱ्या पानावर मात्र घोडं पेंड खाऊ लागलं. फोटोत दिसणाऱ्या प्रत्येक व्यक्तीचं नाव, ओळखपत्राचा क्रमांक आणि सही हवी. खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "तिची सही घेऊन या." मी म्हटलं, "तिला आधी कळलं तर मग प्रपोज कशाला करायचं?" त्यांनी खरोखर विचार केला आणि म्हणाले, "मग परवाना मिळाल्यावर पुन्हा एकदा करा ना." सूर अजिबात चेष्टेचा नव्हता.

त्याच पानावर 'परस्परांशी नाते' असाही एक रकाना आहे. दुपारी अर्ज भरताना तिथे काय लिहायचं? संध्याकाळी सहा वाजता ते बदलणार असतं.

अर्ज दहा कामकाजाचे दिवस आधी द्यायचा आहे. त्या दिवशी पाऊस आला आणि तारीख बदलली, तर नवा अर्ज, नवं शुल्क. परवाना मिळालाच तर छायाचित्रकाराने काम चालू असताना नारिंगी जाकीट घालायचं आणि विभागाचा एक माणूस शेजारी उभा राहणार. रस्ता खोदणाऱ्यांसाठी हे ठीक आहे. माझ्या कामाची सारी भिस्त मी कुणाच्या डोळ्यांत न भरण्यावर आहे.

आणि वेळ! परवान्यावर छायाचित्रणाची वेळ सकाळी अकरा ते दुपारी चार अशी छापलेली आहे. ही वेळ ज्यांनी ठरवली, त्यांनी एकदा दुपारी एक वाजता उन्हात उभं राहून स्वतःचा फोटो काढून घ्यावा. सूर्य डोक्यावर असला की कपाळ आणि नाक पांढरं पडतं, डोळ्यांच्या खोबणीत काळोख भरतो आणि माणूस आठवडाभर आजारी असल्यासारखा दिसतो. आम्ही ज्याला गोल्डन आवर म्हणतो तो सूर्य क्षितिजापासून साधारण सहा अंशांच्या आत असतानाचा उजेड. तेव्हा किरणांना हवेचा जाड थर पार करून यावं लागतं, निळा रंग वाटेतच विखुरतो, उरतो तो उबदार आणि आडवा प्रकाश. आडवा असल्यामुळे तो डोळ्यांत शिरतो. नाव 'आवर' असलं तरी तो तासभर टिकेलच असं नाही. अक्षांश आणि ऋतूप्रमाणे कमीजास्त होतो. लोक संध्याकाळी प्रपोज करतात त्याला कारण आहे, आणि ते त्यांना सांगता आलं नाही तरी त्यांच्या डोळ्यांना ठाऊक असतं. आपल्या बागा तर सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीच रिकाम्या करायला घेतात. तो वाद आज काढत नाही.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे 'व्यावसायिक कॅमेरा' म्हणजे काय. परिपत्रकाची व्याख्या अशी : लेन्स बदलता येते असा कोणताही कॅमेरा. त्यामुळे मामाचा जुना कॅमेरा घेऊन शिकायला आलेली शाळकरी मुलगी व्यावसायिक ठरते आणि फोनवर शूट करून त्यावर पोट भरणारा माणूस हौशी. मी या पुलावरच फोनवाली सहा-सहा जणांची टोळकी पाहते. हातात गिम्बल (फोन न हलता धरणारी दांडी), रंगीत धुराची नळकांडी, कागदी कपट्यांच्या तोफा. येणाऱ्या-जाणाऱ्यांना "दोन मिनिटं थांबा" म्हणत ते अर्धा पूल अडवतात, आणि शिट्टी वाजत नाही, कारण मोठी लेन्स दिसत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

मोठी लेन्स कशासाठी असते ते सांगते, कारण सारा घोळ तिथेच आहे. माझी लेन्स दोनशे मिलिमीटरपर्यंत जाते, म्हणजे लांबचं जवळ आणते. पंचवीस मीटरवरून, कॅमेरा उभा धरला, तर चौकटीत वरपासून खालपर्यंत साधारण साडेचार मीटर मावतात. म्हणजे उभी असलेली ती, गुडघ्यावरचा तो, वर थोडं आकाश. तेवढंच हवं असतं. हेच फोनच्या नेहमीच्या लेन्सने काढायचं तर तीन-चार मीटरवर जावं लागतं, म्हणजे त्यांच्या मध्येच. शिवाय पंचवीस मीटरवरून, लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवलं, की माझ्या फोटोत जेमतेम अडीच मीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. मागून फिरायला निघालेले आजोबा, कुत्रा घेऊन जाणारी बाई, बाकावरचं दुसरं जोडपं, सगळे रंगांचे ठिपके होतात. अनोळखी लोकांच्या खासगीपणाची आपल्याला काळजी आहे, असं परिपत्रकाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय. मग आपण नेमकं तेच साधन बंद केलंत, जे लांबून काम करतं, आवाज न करता करतं आणि परक्यांचे चेहरे पुसून टाकतं.

आपल्या अर्जात ट्रायपॉडलाही फार मान आहे. त्याला वेगळा रकाना, वेगळं शुल्क. १८३८ साली छायाचित्रणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक, लुई दागेर, याने पॅरिसच्या एका रस्त्याचा फोटो घेतला होता. प्रकाश टिपायला कित्येक मिनिटं लागली. तेवढ्यात रस्त्यावरच्या गाड्या आणि चालती माणसं पुसली गेली, आणि बूट पॉलिश करून घ्यायला एका जागी थांबलेला एक माणूस तेवढा उमटला. तेव्हा कॅमेरा मिनिटं-मिनिटं जागा अडवून बसत असे. १९२५ मध्ये खिशात मावणारा लायका कॅमेरा बाजारात आला, त्यालाही शंभर वर्षं झाली. मी सेकंदाच्या पाचशेव्या भागात काम उरकते. हातात कॅमेरा, पाठीला खांब. ट्रायपॉड घरी माळ्यावर आहे.

एक गोष्ट लिहू की नको, असा विचार करत होते. लिहितेच.

अकरा वर्षांत दोनदा उत्तर 'नाही' आलं. पहिल्या वेळी मी नवखी होते, बोट बटणावरच राहिलं, आठ-दहा फोटो निघून गेले. ते मी त्याच रात्री कार्डावरून पुसले आणि त्याला तसं कळवलं. दुसऱ्या वेळी तिचे खांदे मागे गेलेले दिसले आणि मी कॅमेरा खाली घेतला, पाठ फिरवली. दोन्ही वेळा आजूबाजूच्या कुणाला काही कळलं नाही. ती दोघं थोडा वेळ बोलली आणि वेगवेगळ्या दिशांना गेली. सगळ्यांदेखत कुणाला असा प्रश्न विचारावा का, हा प्रश्न मलाही पडतो. म्हणून काम घेण्याआधी मी प्रत्येकाला विचारते, लग्नाबद्दल तुमचं आधी बोलणं झालंय ना? गर्दीत विचारलेलं तिला आवडेल ना? 'माहीत नाही' असं उत्तर आलं की मी त्याला पायवाटेच्या कडेची, वर्दळ नसलेली जागा सुचवते. काही जण ऐकतात.

पण त्या दोघींना 'नाही' म्हणता आलं, कारण कुणी बघत नव्हतं. आता तिथे नारिंगी जाकिटातली मी, शेजारी विभागाचा माणूस, त्यामुळे थबकलेले पंचवीस जण आणि त्यांचे वर धरलेले फोन, एवढं चित्र डोळ्यांसमोर आणा. त्या घोळक्यात तिने काय म्हणायचं? लोक टाळ्या वाजवायला सुरुवात करतात, उत्तर येण्याआधीच! आपला नियम एका खासगी प्रश्नाचा तमाशा करतो.

आता आमच्या धंद्याबद्दल, कारण आम्हीही धुतल्या तांदळाचे नाही. धुराच्या नळकांड्यांनी पुलाच्या कठड्याचा दगड डागाळलाय तो आमच्याच लोकांनी. चमकीचे प्लास्टिक कपटे गवतात महिनोन्‌महिने राहतात. पहाटे फिरायला येणाऱ्यांना "जरा बाजूला" म्हणणारे छायाचित्रकार मी रोज पाहते, आणि मीही ते केलेलं आहे. पाचेक वर्षांपूर्वी मी एका आजोबांना बाकावरून उठायची विनंती केली होती. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "मी इथे रोज असतो. तुम्ही आज आलात." मी बाक बदलला. पॅरिसमध्ये रू क्रेमिअ नावाची रंगीत घरांची एक छोटी गल्ली आहे. फोटो काढणाऱ्यांच्या झुंडींना कंटाळून तिथल्या रहिवाशांनी २०१९ मध्ये, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी गल्लीला फाटक लावा, अशी मागणी शहराकडे केली. मला त्यांचा राग येत नाही. माझ्या खिडकीखाली रोज चाळीस जण उड्या मारत असते, तर मीही हेच मागितलं असतं. नियम हवेत. कशाला हवेत, एवढाच आपला मतभेद आहे.

या वाटेवरून दुसरी शहरं गेलेली आहेत. २००५ साली राकेश शर्मा हे भारतीय माहितीपटकार न्यूयॉर्कच्या रस्त्यावर हातातल्या कॅमेऱ्याने चित्रण करत होते. पोलिसांनी त्यांना ताब्यात घेऊन चौकशी केली. त्यावर दावा दाखल झाला आणि शहराला लेखी नियम करणं भाग पडलं. २००७ चा पहिला मसुदा आपल्या परिपत्रकाचा सख्खा भाऊ शोभेल असा होता : दोन किंवा अधिक माणसं एका जागी अर्ध्या तासाहून जास्त वेळ कॅमेरा वापरणार असतील, किंवा पाच माणसं ट्रायपॉड लावून दहा मिनिटांहून जास्त थांबणार असतील, तर परवाना काढा आणि दहा लाख डॉलरचा विमाही. लोकांनी हरकतींचा पाऊस पाडला. मसुदा मागे घेऊन पुन्हा लिहिला गेला. २००८ पासून तिथला नियम साधा आहे. हातात कॅमेरा असो की ट्रायपॉडवर, जागा फक्त आपल्यासाठी अडवून ठेवत नसाल, तर शहराचा परवाना लागत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत चित्रफितीच्या चित्रणाला कित्येक वर्षं 'पैसे मिळतात का' हाच प्रश्न विचारला जाई. जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलला. सहापेक्षा कमी माणसं, हातात नेता येईल एवढंच सामान, सगळ्यांना खुली असलेली जागा, इतरांना अडथळा नाही, निसर्गाला इजा नाही. एवढं पाळलं तर परवाना नको, शुल्क नको. मग फोटो विकायचा असो की भिंतीवर लावायचा. उलट उदाहरणंही आहेत. लंडनच्या ट्रफाल्गर चौकात धंद्यासाठी फोटो काढायचा तर आजही लेखी परवानगी लागते. तेव्हा आपल्यालाही सोबत मिळेल, पण कुणाची सोबत धरायची ते ठरवावं लागेल.

माझं म्हणणं एवढंच आहे, की नियम अडथळ्याला लावा. लेन्सला लावू नका आणि माझ्या कमाईलाही लावू नका. कमाईवर कर मी वेगळा भरते.

तेव्हा मागण्या :

१. पाचपर्यंत माणसं, हातातला कॅमेरा, जमिनीवर काहीही न ठेवता आणि कुणाचीही वाट न अडवता होणाऱ्या छायाचित्रणाला परवान्यातून वगळावं. कॅमेरा कोणता, हे विचारू नये.

२. दिवे, स्टँड, सेट, ड्रोन, किंवा जागा दोरी लावून अडवायची असेल, तर परवाना जरूर ठेवावा. मात्र चार पानांऐवजी एका पानाचा, तीन दिवसांत मिळणारा आणि पावसामुळे तारीख बदलली तर तोच चालणारा.

३. धुराची नळकांडी आणि प्लास्टिकचे कपटे सरसकट बंद करावेत. फोनवाल्यांना, कॅमेरेवाल्यांना, सगळ्यांना. दंड लावा. मी स्वतः पहिली पाठिंबा देईन आणि माझ्या धंद्यातले चार लोक माझ्याशी बोलायचे बंद होतील, तेही सोसेन.

४. फोटोतल्या व्यक्तींच्या सह्या आणि 'परस्परांशी नाते' हा रकाना काढून टाकावा. दोन सज्ञान माणसं बागेत कोण म्हणून आली आहेत, ते विभागाला कळायची गरज नाही.

५. अकरा ते चार ही वेळ रद्द करावी. जागा सगळ्यांसाठी जेव्हा खुली, तेव्हा कॅमेऱ्यासाठीही खुली.

६. सुरक्षारक्षकांना लेखी सूचना द्यावी : आधी जवळ येऊन हळू आवाजात विचारा. शिट्टी कुणी पाण्यात पडत असेल तेव्हासाठी राखून ठेवा.

७. पुढचा मसुदा निघण्याआधी छायाचित्रकार, रोज फिरायला येणारे आणि आसपास राहणारे, अशा सगळ्यांना एकदा समोरासमोर बसवावं. ते बाकावरचे आजोबा आले तर फार बरं होईल. त्यांचं म्हणणं माझ्यापेक्षा थोडक्यात असेल.

या पत्राचीही एक प्रत आपल्या आवक खिडकीत देते आहे, पोच घेऊन. तीस दिवस वाट बघेन. तोवर उत्तर आलं नाही, तर माझ्या दोन पत्रांचं आणि या अर्जाच्या नमुन्याचं काय झालं, ते माहितीच्या अधिकारात विचारेन.

आणि एक कळवून ठेवते. येत्या काही दिवसांत एका संध्याकाळी, आपल्या परिपत्रकातल्या एका जागी, माझं काम आहे. परवाना काढलेला नाही, कारण तिची सही आणता येत नाही. नारिंगी जाकीट नसेल. वाट अडणार नाही, धूर होणार नाही, सगळं मिळून पाच मिनिटं लागतील. तारीख आणि जागा लिहीत नाही, कारण हे पत्र तीही वाचत असण्याचा संभव आहे.

आपली,
या शहरातली एक छायाचित्रकार